गिरजाबाईच्या हातचं पाणी

माणूस ओळखायला गिरजाबाईला फार वेळ लागत नसे. घरात पाऊल टाकलेल्या माणसापुढे ती पाण्याचा तांब्या ठेवी आणि समोर उभी राही. प्यायला, तर माणूस चांगला. 'आत्ताच पिऊन आलो' म्हणाला, तर काय ते कळलं. मधलं काही तिच्या हिशेबात नव्हतं.

विजेचं मीटर बसवायला आलेला माणूस तांब्याभर पाणी पिऊन गेला. त्याने बसवलेलं मीटर पुढे महिनाभर चाललंच नाही, पण गिरजाबाईने त्याच्याविरुद्ध कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही. उलट शाळेचे मास्तर घसा बसलाय म्हणून 'नको' म्हणाले, ते तिच्या मनातून कायमचे उतरले. मास्तर बिचारे पोरांना जीव लावून शिकवत. त्यांचा घसा खरोखरच बसला होता, हे आठवडाभर शाळा खुणांवर चालली त्यावरून साऱ्या खाणवाडीला कळलं. गिरजाबाईला मात्र ते पटलं नाही.

हे माप तिने उगाच धरलं नव्हतं. खाणवाडी म्हणजे ठाण्याजवळच्या दिघ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेली बौद्धांची वस्ती. सगळी माणसं महाड-माणगावकडून दगड फोडायला आलेली. गिरजाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा प्यायला पाणी आणायचं ते शेजारच्या गावच्या विहिरीवरून. आणायचं म्हणजे काय, तर हंडा खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतील तेव्हा भरून घ्यायचा. घरातल्या भिंतींवर बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे फोटो लागले होते, देव बदलले होते, पण ओतणारा हात होता त्याच उंचीवर होता. एके दिवशी ती सकाळपासून उन्हात उभी राहिली. ओतणारी बाई हळदीला गेली होती, हे तिला दुपारी कळलं. ती घरी आली आणि नवऱ्यापुढे, गंगारामपुढे, तिने रिकामा हंडा ठेवला. त्याचा बाप चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांतला. त्या बाजूला त्या वयाचा जो भेटेल तो आपण गेलो होतो असं सांगतो, पण गंगारामचा बाप खरंच गेला होता. पुढच्या सुट्टीला गंगाराम पहार घेऊन बाहेर पडला.

विहीर वस्तीने स्वतः खणली. दगड फोडणं हा त्यांचा धंदाच होता. फरक एवढाच की इथे मजुरी मिळत नव्हती. काळा खडक लागला तेव्हा खाणमालकाच्या कोठारातल्या सुरुंगाच्या दारूला थोडे थोडे पाय फुटले. शेवटी वरच्या अंगाला, खडकाच्या भेगेतून, अंगठ्याएवढी धार सुटली. गंगारामने ओंजळ धरली, प्यायला, आणि वर येऊन म्हणाला, "हितं कुनी कुनाला वरनं वाढायचं नाय. ज्यानं त्यानं आपल्या हातानं वढायचं. आन दारात आला त्याला आधी पानी द्यायचं. मग तो कुनी का आसंना."

पुढे दगडाच्या धुळीने गंगारामची छाती भरली आणि तो गेला. विहीर राहिली. गिरजाबाई रोज सकाळी विहिरीभोवती झाडू मारी, मग घरात. सुनेला हा क्रम उलटा वाटे, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग खाली खाडीच्या बाजूला नवं शहर उभं राहू लागलं. शहर म्हटलं की माणसं आली, आणि माणसं म्हटलं की कचरा आला. तो टाकायला जागा शोधणाऱ्यांना विहिरीच्या वरच्या बाजूची बंद पडलेली दगडखाण सापडली. आयता खड्डा. ट्रक येऊ लागले, घारी फिरू लागल्या. वस्तीतले लोक वासाची तक्रार घेऊन गेले, तर ठेकेदार म्हणाला, "खड्ड्यात पोरं पडतील म्हणून तुम्हीच ओरडत होता ना? बुजवतोय." त्याने आपल्या नात्यातला गोटीराम नावाचा मुकादम तिथे बसवला. गोटीराम स्वतःच्या पाण्याची बाटली घरून आणी आणि वस्तीत आला तर बाहेरच उभा राही. गिरजाबाईने एकदाच तांब्या पुढे केला. "आत्ताच प्यायलो," गोटीराम म्हणाला. झालं, त्याची नोंद झाली.

विहीर बिघडल्याचं पहिल्यांदा बोलला बदरुद्दीन. हा मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा; रस्त्याच्या तोंडाशी त्याची चहाची टपरी होती आणि पाणी तो खाणवाडीच्याच विहिरीचं वापरी. त्याचा चहा फाटू लागला. त्याने दूधवाला बदलला. चहा फाटला. भांडी बदलली. तरी फाटला. शेवटी तो गिरजाबाईकडे आला, रीतीप्रमाणे तांब्यातलं पाणी प्यायला, तोंड वाकडं होऊ न देता म्हणाला, "गिरजाबाय, राग मानू नका. दूध बरा हाय. तुमचा पानी फाटलाय."

"तुझं दूधच पान्याचं, बदरुद्दीन," गिरजाबाई म्हणाली. "पान्यात पानी फाटनार नाय तर काय व्हईल?"

बदरुद्दीन हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून सायकलला डबे लटकवून लांबून पाणी आणू लागला.

मग एकेक दिसायला लागलं. भात पिवळा शिजे. डाळ शिजतच नसे. साबणाला फेस येईना. हंड्यात रात्रभर पाणी ठेवलं तर सकाळी वर तेलासारखा तवंग धरे. गिरजाबाईकडे प्रत्येकाला उत्तर होतं. तांदूळ रेशनचा, डाळ जुनी, साबण हलका, हंड्याला कल्हई नाही. तिच्या मुलाला, सितारामला, कंपनीत रसायनांची पिंपं उचलायचं काम होतं. त्याला वासावरून सगळं कळत होतं. पण आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती. बोलली ती सून, सगुणा.

सगुणाची पोर गोजरा तीन वर्षांची होती. तिचं पोट थांबत नव्हतं आणि अंगावर फोड उठत होते. दिघ्याच्या डॉक्टरने औषध दिलं आणि सांगितलं, पाणी बदला.

"त्या डाक्टरनं आपल्याकडं पानी पिलंय का कधी?" गिरजाबाईने विचारलं.

"नाय, आत्या."

"मग झालं तर."

सगुणाने पोरीला खांद्यावर घेतलं. "आत्या, नळ आला नाय ना, तर मी हिला घेऊन माणगावला जानार. घर तुमचं, विहीर तुमची. पोर माजी हाय."

गोजरा म्हणजे गिरजाबाईचा जीव की प्राण. पोर तिच्या कुशीत झोपे, तिच्या ताटात जेवे, आणि पाहुणा आला की दोन्ही हातांनी तांब्या सांडत सांडत घेऊन येई. त्या रात्री गिरजाबाईने सितारामला अर्ज लिहायची परवानगी दिली. "नळ येऊ दे," ती म्हणाली. "पन इहीर वाईट हाय आसं लिवायचं नाय."

सितारामने डोक्याला हात लावला. नियम असा होता, की ज्याला पाणी आहे त्याला नळ नाही. नळ हवा तर आहे ते पाणी पिण्यालायक नाही असं सरकारी तपासणीत निघायला हवं. त्याने आईला न सांगता तसं लिहिलं आणि वस्तीने खाली अंगठे उमटवले.

पाणी तपासायला आले ते गमरे साहेब. वयाने तरुण, चष्मा, हातात बाटल्यांची पेटी. आडनाव ऐकताच वस्ती खुलली. गमरे म्हणजे रत्नागिरीकडचे बौद्ध, म्हणजे आपलेच. साहेबांनी पोहऱ्याने पाणी काढलं, बाटली नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. मग विहिरीत वाकून ती भेग पाहिली, वर खाणीकडे पाहिलं.

"आजी, ही धार त्या बाजूने येते ना?"

"हां. मालकांनी काढली. कधी आटली नाय."

"तेच झालंय. वर कचऱ्यात जे मुरतं ते खडकाच्या भेगांतून उतरतं. ज्या वाटेने तुमचं पाणी येतं त्याच वाटेने ती घाणही येते. विहिरीचा दोष नाही."

विहिरीचा दोष नाही, एवढंच गिरजाबाईने धरून ठेवलं. साहेब तिला फार आवडले. तिने त्यांना घरात बसवलं आणि पुढ्यात तांब्या ठेवला.

सगुणा दाराआडून मान हलवून 'नको नको' करत होती. सितारामने जमिनीकडे पाहिलं. दारात मुकादम गोटीराम उभा होता. तपासणीला ठेकेदाराचा माणूस हजर असावा असा कागद त्याच्याकडे होता. गमरे साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, मग समोर उभ्या म्हातारीकडे. नाकारलं तर काय होईल हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणत्या साहेबाला कळणार? त्यांनी तांब्या उचलला आणि सगळा रिकामा केला.

"भला मानूस," गिरजाबाई म्हणाली.

गमरे साहेबांनी अहवालात लिहिलं की पाणी पिण्यास अयोग्य आहे. ठेकेदाराने कळवलं की सदर अधिकाऱ्याने सदर पाणी सर्वांसमक्ष तांब्याभर प्राशन केलं. कचेरीने गमरे साहेबांकडे खुलासा मागितला: पाणी वाईट होतं तर प्यायलात का, आणि चांगलं होतं तर वाईट का लिहिलंत? याला उत्तर नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते खुलाशाच्या कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. अहवाल आणि अधिकाऱ्याचं वर्तन यांत तफावत आढळल्याने अर्ज बाजूला ठेवण्यात आला आणि गमरे साहेबांची बदली झाली.

या प्रकरणातून खरा शहाणा झाला तो गोटीराम. जो दोन वर्षं उंबऱ्याबाहेर उभा राहिला, तो आता आठवड्याला घरात येऊन बसू लागला. "आजी, पाणी द्या!" म्हणून हाक मारी, चार माणसं बघत असताना पेलाभर पाणी गटागटा पिई, ढेकर देई आणि म्हणे, "अमृत आहे." कायद्याने, भाषणांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, ते शहराच्या कचऱ्याने करून दाखवलं: गोटीराम खाणवाडीत पाणी पिऊ लागला. गिरजाबाई हरखली. "सुदारला मानूस," ती सगळ्यांना सांगत सुटली.

एकदा गोटीराम असाच पिऊन गेला आणि टोपी विसरला. टोपी द्यायला गिरजाबाई मागोमाग गेली. खाणीच्या वाटेवर मोठ्या दगडामागे गोटीराम ओणवा झाला होता आणि घशात दोन बोटं घालून पाणी बाहेर काढत होता. काढून झाल्यावर त्याने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. सगळं सवयीने चाललं होतं. गिरजाबाईने टोपी तिथल्या झुडपाला अडकवली आणि परत आली.

ती सरळ विहिरीवर गेली. पोहरा काढला, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडात धरून ठेवलं. रोज तेच पाणी पीत होती, पण इतक्या दिवसांत त्याची चव तिने घेतलीच नव्हती. गंजका विळा चाटावा तशी चव होती, आणि मागून काहीतरी कुजकं. तिने ते थुंकलं नाही. गिळलं. गंगारामची विहीर होती.

त्याच आठवड्यात गोजराचे डोळे खोल गेले. पोर रडायचीही थांबली. सिताराम आणि सगुणा तिला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, सलाईन लावलं, पोर वाचली. पण सगुणा दवाखान्यातून घरी आलीच नाही. पोरीला घेऊन ती तिथूनच एस.टी.ने माणगावला गेली. सितारामने घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "नळ आल्यावर येते म्हनली." गिरजाबाईने विचारलं, पोर काय म्हणाली. सिताराम म्हणाला, पोर झोपली होती. गिरजाबाईला फार वाईट वाटलं, इतकं की गंगाराम गेल्यावरसुद्धा तिला अंथरूण एवढं मोठं वाटलं नव्हतं.

सिताराम आता कंपनीतल्या युनियनच्या माणसांना घेऊन कचेरीत बसू लागला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. तेव्हा कचेरीचे मोठे साहेब स्वतः पाहणीला यायचे ठरले.

मोठे साहेब आले, सोबत जीप, फोटोवाला, बाटल्यांची पेटी घेतलेला कारकून आणि पुढे पुढे करणारा गोटीराम. विहिरीजवळ खुर्च्या मांडल्या होत्या. झेंडूचा हार झाला. साहेबांनी रुमालाने मान पुसली. वस्ती गोळा होऊन उभी होती आणि हळूहळू प्रत्येकाच्या ध्यानात येऊ लागलं की काहीतरी चुकतंय. पाहुणा बसला होता आणि गिरजाबाईने पाणी आणलं नव्हतं. ती विहिरीच्या कठड्याला टेकून हात पदराखाली घेऊन उभी होती.

मोठ्या साहेबांना गोटीरामने वाटेत सगळं सांगून ठेवलं असावं. ते मोठ्याने म्हणाले, "काय आजी, आम्हाला पाणी नाही का? आम्ही तर ऐकलंय, तुमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी!"

गिरजाबाई हलली नाही. तेव्हा गोटीराम स्वतः तिच्या घरात शिरला, थेट चुलीपाशी गेला, माठातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला. फोटोवाला एक गुडघा टेकून बसला.

"साहेब," गिरजाबाई म्हणाली, "पिऊ नका. पानी वाईट हाय."

असं ती म्हणाली आणि वस्तीतल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. हे वाक्य तिच्या तोंडून निघेल असं त्यांच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं. पण साहेबांनी वर्षानुवर्षं भाषणं केली होती आणि समोरची म्हातारी काय बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. ते प्रेमळ हसले.

"आजी, अहो काळ बदलला. मी असलं काही मानत नाही." आणि पेला ओठांकडे नेला.

गिरजाबाई पुढे झाली आणि तिने पेल्यावर पालथा हात ठेवला. साहेबांच्या नाकाशी तिची बोटं आली.

"मी मानते," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. गोटीराम पुढे सरसावला, "अहो आजी, साहेबांचा अपमान..."

"तू गप रे. आन तू बी नको पीत जाऊ. दगडामागं जाऊन बोटं घालतोस, बगितलंय मी. घसा सोलंल तुजा." मग ती साहेबांकडे वळली. "माज्या मालकांनी खनली ही. कुनाच्या हाताकडं बगायला लागू नये म्हून खनली. चांगली व्हती, साहेब. लई चांगली व्हती. आता आमच्या हातचं पानी कुनी प्यायचं नाय. तुमी नाय, आमी बी नाय. माजी नात मरता मरता ऱ्हायली."

तिने पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पाणी मातीत ओतलं. साहेबांनी आपली ओली बोटं सहज नाकाशी नेली, आणि मग बराच वेळ ती कुठे पुसावीत हे त्यांना सुचेना. त्यांनी कारकुनाला सांगितलं की बाटल्या भरून घ्या, दोन घ्या, आणि आजच पाठवा. त्यांना आता खरंच तहान लागली होती. ड्रायव्हरने जीपमधून थर्मास आणला, तर ते त्याच्यावरच खेकसले. साहेब पाणी न पिता गेले आणि गिरजाबाईने त्यांना जाऊ दिलं.

नळ यायला त्यानंतर वर्ष गेलं. गोजरा परत आली तेव्हा अंगाने भरली होती आणि आजीला पाहून आईच्या मागे लपली. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी जीपची धूळ बसल्यावर गिरजाबाईने विहिरीवरच्या रहाटाचा दोर सोडला, पोहरा काढला, दोराची नीट गुंडाळी केली आणि ती मांडीवर घेऊन कठड्यापाशी खाली बसली. मग ती रडायला लागली. हळू नाही, मोठ्याने, माणूस गेल्यावर रडतात तशी. बायका एकेक करून आल्या आणि मयताच्या घरी बसतात तशा तिच्याभोवती गप्प बसल्या. बराच वेळ झाला. तिला धाप लागली. तेव्हा मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "आगं, गिरजाबायला पानी द्या कुनीतरी."

कुणी उठलं नाही.